शेवटचं वाचन

मी जनरल नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात माझी नाईट ड्युटी होती. रात्री साडेआठच्या सुमाराला केसपेपरवर इन्शुलिनची ऑर्डर वाचली, व्हायल काढली, सिरिंज भरली आणि ट्रे घेऊन निघाले. वाटेत स्टाफ सिस्टरांची नजर ट्रेकडे गेली. "एवढं कुणाला गं?" त्यांनी विचारलं. सिरिंज चाळीसच्या खुणेपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलेली होती. "सात नंबरला. चाळीस युनिट," मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. "चल, कागद परत बघू," एवढंच म्हणाल्या.

आम्ही केसपेपर दिव्याखाली धरला. डॉक्टरांनी आकडा लिहिला होता ४, आणि त्याला चिकटून युनिटसाठीचा इंग्रजी यू. घाईत लिहिलेल्या त्या यूचं तोंड वरून मिटलं होतं आणि त्याचं हुबेहूब शून्य झालं होतं. सिस्टरांनी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. उत्तर आलं, "चार." सात नंबरचे काका अर्धी भाकरी खाऊन आडवे झाले होते. दहापट इन्शुलिन गेलं असतं तर मध्यरात्रीपर्यंत त्यांची साखर कुठवर उतरली असती, आणि झोपलेल्या माणसाला सुटलेला घाम त्या अंधारात कुणाच्या लक्षात आला असता, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

त्या रात्रीची कुठंही नोंद झाली नाही. मला ओरडा बसला नाही, म्हणून मी निर्धास्त झाले. पुढं शिकवायला लागल्यावर कळलं, की सुटले ती फक्त मी. मिटल्या तोंडाचा तो यू तिथंच राहिला होता, पुढच्या विद्यार्थिनीची वाट बघत. हे पुस्तक त्या विद्यार्थिनीसाठी आहे, आणि आता वॉर्डात तिच्या बरोबरीनं उभ्या असणाऱ्या ब्रदरसाठीही.

औषध रुग्णापर्यंत पोचतं ते अनेक हातांतून. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, फार्मासिस्ट ती वाचून औषध काढून देतात, नर्स ते तयार करून देते. डॉक्टरांची नजरचूक फार्मासिस्ट पकडू शकतात, फार्मासिस्टची चूक नर्स पकडू शकते. नर्सच्या हातून औषध गेलं की पुढं उरतं ते रुग्णाचं शरीर. म्हणून नर्सचं वाचन हे त्या चिठ्ठीचं शेवटचं वाचन असतं. या पुस्तकात गणितं आहेत, तक्ते आहेत, संज्ञा आहेत. पण सगळ्यांच्या मुळाशी सांगणं एकच आहे. औषध देणं म्हणजे आधी नीट वाचणं, आणि वाचताना मनात शंका आली तर हात थांबवणं. पुष्कळ मुलींना वाटतं, की थांबलं म्हणजे काम अडलं. माझं म्हणणं असं, की त्या क्षणी थांबणं हेच काम असतं.

नीट वाचायचं तर चिठ्ठीची भाषा यायला हवी. चिठ्ठीच्या माथ्यावर इंग्रजी आरच्या पायाला तिरकी रेघ मारलेलं जे चिन्ह असतं, ते लॅटिनमधल्या 'रेसिपे' या शब्दाचं. अर्थ साधा आहे, 'घे'. युरोपातले वैद्य शतकानुशतकं लॅटिनमध्ये लिहीत आले, आणि त्यांची आद्याक्षरं आपल्या वॉर्डांपर्यंत येऊन पोचली. नांदेडहून, गडचिरोलीहून, सिंधुदुर्गातून मराठी शाळेत शिकून आलेल्या मुली ही अक्षरं घोकून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यामागचा शब्द त्यांना कुणी सांगितलेला नसतो. वास्तविक हे शब्द आपल्याला परके नाहीत. बीडीमधला 'बिस' म्हणजे दोनदा, तो संस्कृतातल्या 'द्विः'चा भाऊबंद. टीडीएसमधला 'टेर' हा 'त्रिः'चा, क्यूआयडीमधला 'क्वाटेर' हा 'चतुः'चा. या तिन्हींतला 'डिएस' आणि आपला 'दिवस' एकाच मुळातून आलेले. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपेची वेळ. त्यातला 'सोम्नुस' आणि आपलं 'स्वप्न' ही एकाच घरातली भावंडं. रात्रीच्या औषधासाठी लिहितात तो 'नॉक्टे' आपल्या 'नक्त'चा नातलग. ही नाती एकदा कळली की अक्षरं डोक्यात बसतात ती कायमची.

पण शब्द ओळखीचा झाला म्हणून तो सुरक्षित झाला असं नाही. एसओएस हे बुडत्या जहाजाच्या हाकेसारखं वाटतं, म्हणून कित्येक जणी त्याचा अर्थ 'तातडीनं' असा घेतात. ते आहे 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तर. तातडीसाठी वेगळा शब्द आहे, स्टॅट. आणि नुसतं एसओएस लिहिलेली ऑर्डर अपुरीच असते. कशासाठी द्यायचं, एका वेळी किती, दोन डोसांत कमीत कमी किती अंतर ठेवायचं आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर ती विचारून घ्यायची. ओडी म्हणजे आपल्याकडं दिवसातून एकदा. नेत्रविभागात त्याच अक्षरांचा अर्थ उजवा डोळा होतो, तर कॅज्युअल्टीत औषधाचा अतिरेक. टीडीएस आणि 'दर आठ तासांनी' यांतही फरक आहे. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ असं औषध दिलं तर तीनदा दिलं खरं, पण रात्रीचं अंतर बारा तासांचं पडलं. ज्या अँटिबायोटिकची रक्तातली पातळी टिकवायची आहे, ते सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा असंच द्यायला हवं.

आकड्यांच्या बाबतीत तर टिंबसुद्धा जीव घेऊ शकतं. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य टाकलं नाही, तर ते टिंब पुसट होऊन ५ उरतात. एक मिलिग्रॅम लिहिताना पुढं उगाच टिंब आणि शून्य टाकलं, तर १ चे १० होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये वापरू नये अशा संक्षेपांची यादी लागू केली. तिच्यात युनिटसाठीचा एकटा यू होता, टिंबापुढचं अनावश्यक शून्य होतं आणि शून्याशिवायचं टिंबही होतं. माझ्या त्या रात्रीचा गुन्हेगार जगभरात ओळखीचा होता, हे ती यादी वाचताना मला कळलं. आपल्याकडं मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती करून औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. त्यामुळं अक्षर लागत नाही म्हणून परत विचारताना मान खाली घालायचं कारण नाही. सुवाच्य लिहिणं हे लिहिणाऱ्याचं कर्तव्य आहे.

नावांचे घोटाळे वेगळेच. डोपामिन आणि डोब्युटामिन, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन, सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोन ही नावं कानाला आणि डोळ्याला फसवतात. अमेरिकेत आम्लपित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स या दोन नावांची गल्लत होऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये लोसेकचं तिथलं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. इथं बदलावं लागलं ते औषधाचं नाव, वाचणाऱ्यांना कुणी निष्काळजी ठरवलं नाही. हा दृष्टिकोन लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यापुढचं प्रकरण हिशोबाचं आहे, आणि ते मुद्दाम लांबवलं आहे. साधं पॅरासिटामॉल घ्या. दहा किलोच्या बाळाला किलोमागं १५ मिलिग्रॅम म्हणजे १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर सव्वासहा मिली लागेल. ५ मिलीत २५० असलेलं असेल तर ३ मिली. थेंबांची बाटली असेल, जिच्यात दर मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त दीड मिली. आता 'पाच मिली द्या' एवढंच ऐकून कुणी थेंबांच्या बाटलीतून पाच मिली काढलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाईल. म्हणून 'किती मिली' या प्रश्नाआधी 'किती मिलिग्रॅम' आणि 'कोणत्या बाटलीतून' हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा. घरी जाणाऱ्या आईला समजावतानाही बाटली तिच्या हातात देऊन, त्याच बाटलीचं माप दाखवा.

इन्शुलिनचा सापळा तर खास आपल्याकडचा आहे. आपल्या बाजारात दर मिलीला ४० युनिटची व्हायल मिळते आणि १०० युनिटचीही. पेनातलं इन्शुलिन १०० चं असतं. सिरिंजाही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर डोळ्यांना २० दिसतात आणि शरीरात ५० युनिट जातात. पेन बिघडलं म्हणून त्याच्या काडतुसातून सिरिंजनं इन्शुलिन ओढायचा मोह होतो, तो यासाठीच टाळायचा. आणि ताट समोर आल्याची खात्री झाल्याशिवाय जेवणाआधीचं इन्शुलिन द्यायचं नाही. संकष्टी असो, नवरात्र असो की रमजान, डायबेटिसच्या रुग्णाला 'आज उपास आहे का?' हे सुई टोचण्याआधी विचारायचं. पुष्कळ रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत.

पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखा साधा असतो. त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि ते सिरिंजनं थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. ते सलाईनमध्ये मिसळूनच, बाटली नीट उलटीपालटी करून, ठरल्या गतीनंच द्यायचं. त्याची जागा रोजच्या ट्रॉलीवर नाही. वेगळ्या, खूण केलेल्या कप्प्यात ते ठेवायचं. हेपारिनच्या व्हायलवर दर मिलीला १,००० की ५,००० युनिट हे वाचल्याशिवाय सुई आत घालायची नाही. सलाईनच्या थेंबांचं गणित सोपं आहे. २० थेंबांचा एक मिली होणाऱ्या सेटनं ५०० मिली चार तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेटमध्ये तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. पण सेटच्या पाकिटावर एका मिलीत किती थेंब हे छापलेलं असतं, ते वाचूनच हिशोब मांडा.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवले जातात. त्यांना जोडून सहावा नियम नोंदीचा: औषध दिल्यानंतरच सही करायची, आधी कधीच नाही. मी इतकी वर्षं शिकवलं त्यात हे नियम पाठ नसलेली मुलगी मला भेटली नाही. अडचण येते ती खाटेपाशी. "तुम्हीच सुनीता पाटील ना?" असं विचारलं की गुंगीतली, बहिरी, घाबरलेली, प्रत्येक बाई मान हलवते. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असतात. काही जणी माहेरच्या नावानं हाक मारली तरच ओ देतात आणि केसपेपरवर मात्र सासरचं नाव असतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी रीत पाळणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना ते उच्चारायला लावू नका, मनगटाचा पट्टा आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक ताडून बघा. खाटेचा नंबर ही ओळख मुळीच मानू नका, कारण खाटा बदलतात. शिवाय मराठीतला एक हा आकडा इंग्रजी नऊसारखा दिसतो. भिंतीवर मराठी आकडे आणि कागदावर इंग्रजी असतील, तर एक नंबरचं औषध नऊ नंबरला जायला वेळ लागत नाही.

विचारण्याची भाषाही रुग्णाची असावी. "ॲलर्जी आहे का?" या प्रश्नाला खेड्यातून आलेला माणूस "नाही" म्हणतो. त्यालाच विचारा, "मागं कधी गोळीनं किंवा सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या का, तोंड सुजलं होतं का, दम लागला होता का?" मग तो आठवून सांगतो. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात ते ६० च्या खाली असतील तर गोळी हातातच ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. मार्गाचं महत्त्व विनक्रिस्टिननं जगाला फार कठोरपणे शिकवलं. शिरेतूनच द्यायचं हे औषध चुकून पाठीच्या कण्यातून दिलं गेलं तर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते सिरिंजऐवजी सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यावं असं सांगितलं, कारण पिशवी कुणी कण्याच्या सुईला लावायला जाणार नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग, विचारण्याचं धाडस. वॉर्डात वरिष्ठांना प्रश्न विचारणं अजूनही उद्धटपणा समजला जातो. म्हणून मी विद्यार्थिनींकडून वाक्यं मोठ्यानं म्हणवून घेते. "सर, ही मात्रा माझ्या हिशोबात बसत नाही, एकदा बघाल का?" "मॅडम, हे अक्षर मला लागत नाही, तुम्ही वाचून दाखवा." आवाज शांत ठेवायचा, पण उत्तर मिळेपर्यंत औषध द्यायचं नाही. फोनवरची ऑर्डर असेल तर आधी लिहायची आणि मग लिहिलेलं वाचून दाखवायची. इंग्रजी फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून आकडा सुटा सुटा म्हणायचा: एक, पाच.

औषध तयार करताना कुणी बोलावलं तर काय करायचं, हाही धाडसाचाच प्रश्न आहे. "सिस्टर, सलाईन संपलं!" ही हाक दर पाच मिनिटांनी येते. सिडनीतल्या दोन रुग्णालयांतला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागं चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. "दोन मिनिटं थांबा, आले" असं नम्रपणे म्हणायला शिका. आणि उठावंच लागलं, तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करा.

चूक झालीच तर ती सांगायची. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालात, तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळं वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज होता, आणि दोष एकेकट्या माणसांपेक्षा व्यवस्थेत शोधायचा आग्रह होता. इंग्रज मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हेच भोकाभोकांच्या चीजच्या उपमेनं समजावलं. सुरक्षेच्या प्रत्येक थराला भोकं असतात, आणि ती एका रेषेत आली की इजा आरपार जाते. त्या रात्री मिटलेला यू हे एक भोक होतं, मंद दिवा दुसरं आणि माझी घाई तिसरं. स्टाफ सिस्टर हा मधला शाबूत थर होता. पण टळलेली चूक कुणी सांगितलीच नाही, तर भोक बुजवणार कोण? २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांमुळं होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं आवाहन केलं, तेही चुका उघड बोलल्या जातील या भरवशावर. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं, आणि तिथं नर्सही थेट कळवू शकते. बिनशुल्क क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. तो ड्रेसिंग रूमच्या दारावर लिहून ठेवा.

हे पुस्तक मराठीत का, असं मला काही सहकाऱ्यांनी विचारलं. ऑर्डर इंग्रजीत येते, परीक्षाही इंग्रजीत असते, हे मला मान्य आहे, म्हणून मूळच्या संज्ञा सगळीकडं तशाच ठेवल्या आहेत. पण रात्री तीन वाजता, थकलेल्या डोक्यानं हिशोब करताना मन आपल्याच भाषेत बोलतं. शंका येते ती मराठीतच: "एवढं कुणाला?" ती शंका ऐकू यावी आणि तिला शब्द मिळावेत, एवढ्यासाठी स्पष्टीकरणं मराठीत लिहिली आहेत. प्रकरणं क्रमानं वाचावीत. हिशोबाची उदाहरणं आधी कागदावर सोडवावीत, नंतर मोबाइलवर पडताळावीत, आणि उत्तर आलं की स्वतःला विचारावं, एवढी मात्रा या माणसाला शोभते का?

पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं सोडली आहेत. तुमच्या हातून किंवा तुमच्यासमोर थोडक्यात टळलेली चूक तिथं लिहा. रुग्णाचं नाव नको, दोषी कोण तेही नको. काय वाचलं, काय होतं आणि कशामुळं लक्षात आलं, एवढंच. वर्गात ती पानं एकमेकींना वाचून दाखवा. पहिल्या कोऱ्या पानावरची पहिली नोंद मी छापून दिली आहे: 'पुरुष मेडिकल वॉर्ड, नाईट ड्युटी. वाचलं ४० युनिट, होते ४. यूचं तोंड मिटलं होतं. सिरिंज भरलेली दिसली म्हणून सिस्टरांनी विचारलं.' जी नोंद त्याच रात्री व्हायला हवी होती, ती अशी आता झाली. तिच्याखालची ओळ तुमची.